बाइट बफर, गो भाषेतील

बाइट बफर, गो भाषेतील : फाइल, संगणकांचे जाळे, मापनयंत्र किंवा कळफलक यांसारख्या उगमापासून येणारी माहिती आज्ञावलीच्या हाती पडण्यापूर्वी ज्या स्मृतिभागात तात्पुरती साठविली जाते, त्या भागास ‘बफर’ म्हणतात. आठ द्विमान अंकांच्या गटास ‘बाइट’ म्हणतात व बफर अशा बाइटांचा बनलेला असेल, तर तो बाइट बफर होय. गो या संगणक भाषेत माहितीचा उगम ‘रीडर’ या नावाने ओळखला जातो आणि रीडरमधून बफरमध्ये बाइट भरून घेण्याची क्रिया ‘रीड’ या एकाच पद्धतीने केली जाते. ही क्रिया दिसावयास अगदी साधी असली, तरी तिच्या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास माहिती गळते, दुबार येते किंवा तिची मोडतोड होते. हे दोष पुष्कळदा आज्ञावली न थांबवता घडत असल्याने ते चटकन लक्षात येत नाहीत. देवनागरी मजकुराच्या बाबतीत तर ते विशेष जाणवतात. [⟶ संगणक].

पार्श्वभूमी : बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या युनिक्स प्रणालीत (१९६९ पासून) फाइल, दूरमुद्रक व अन्य साधने यांच्याकडे बाइटांचा एक सलग प्रवाह म्हणून पाहण्याची कल्पना रूढ झाली. वाचनाची मागणी करताना आज्ञावलीने बफर कोठे आहे व त्यात किती जागा आहे हे सांगावयाचे आणि प्रणालीने प्रत्यक्षात किती बाइट भरले ती संख्या परत द्यावयाची, अशी ही व्यवस्था होती. रिची यांच्या सी भाषेत बफराचा पत्ता व त्याची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने लांबी न विचारता वाचन करणारी कार्येही प्रचारात आली. त्यांपैकी ‘गेट्स’ हे कार्य विशेष धोक्याचे ठरले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस कृमी’ या उपद्रवी आज्ञावलीने ज्या मार्गांनी दुसऱ्या संगणकांत प्रवेश मिळविला, त्यांत या कार्याच्या द्वारे बफराबाहेर लिहिले जाणे हा एक मार्ग होता. २०११ च्या सी मानकातून हे कार्य काढून टाकण्यात आले.

रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक व केन टॉम्पसन यांनी गूगल कंपनीत २००७ मध्ये गो भाषेच्या आखणीस सुरुवात केली. ती नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली व तिची पहिली स्थिर आवृत्ती मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. या भाषेत बफर हा ‘स्लाइस’ (काप) या रूपात दिला जातो. स्लाइसबरोबर तिची लांबी व धारणक्षमता या दोन्ही संख्या नेहमी असतात. त्यामुळे बफराच्या मर्यादेबाहेर लिहिण्याचा प्रयत्न भाषेच्या पातळीवरच अडविला जातो. बफर ओसंडण्याचा जुना धोका अशा रीतीने दूर झाला, तथापि बफर अपुरा भरण्याचा प्रश्न आज्ञावलीकारावरच सोपविलेला आहे.

रीड क्रियेचा करार : ज्या कोणत्याही घटकाजवळ रीड ही पद्धत असेल, तो घटक गो भाषेत रीडर मानला जातो. मग तो फाइल असो, जाळ्यातील जोडणी असो वा स्मृतीतील मजकूर असो. रीड क्रियेस बाइटांची एक स्लाइस द्यावयाची असते आणि तिच्याकडून दोन गोष्टी परत मिळतात : (१) भरलेल्या बाइटांची संख्या व (२) दोषाची सूचना. या व्यवहाराचे प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत. भरलेल्या बाइटांची संख्या शून्यापासून स्लाइसच्या लांबीपर्यंत कितीही असू शकते. ती लांबीपेक्षा कमी असली, तरी तो दोष नव्हे. प्रवाह संपला असता ‘ईओएफ’ ही विशिष्ट सूचना मिळते. ही सूचना शेवटच्या बाइटांबरोबरच येईल किंवा त्यानंतरच्या मागणीस शून्य बाइटांसह येईल. दोन्ही प्रकार नियमास धरून आहेत. म्हणून आलेले बाइट आधी उपयोगात आणावेत व दोषाचा विचार नंतर करावा, असा दंडक आहे. शून्य बाइट आले व दोषही नाही, अशी स्थिती उद्भवल्यास काहीच घडले नाही असे समजावे. तो प्रवाहाचा अंत मानू नये. शिवाय, दिलेली स्लाइस रीडरने काम झाल्यावर स्वतःकडे राखून ठेवावयाची नसते.

मागणीपेक्षा कमी बाइट का येतात, याचे कारण उगमाच्या स्वरूपात आहे. जाळ्यातील टीसीपी या नियमसंचानुसार माहिती लहान लहान पुडक्यांनी येते. ईथरनेट जाळ्यात एका पुडक्यातून साधारणतः १,४६० पर्यंत उपयुक्त बाइट येतात. ४,०९६ बाइटांचा बफर दिला असता त्या क्षणी एकच पुडके येऊन पोहोचले असेल, तर रीड क्रिया तेवढेच बाइट देऊन परत फिरते. उरलेल्यांसाठी ती थांबत नाही. पाठविणाऱ्याने माहितीचे तुकडे कोठे पाडले होते, हेही प्रवाहात शिल्लक राहत नाही. पाठविताना एक असलेला तुकडा वाचताना दोन वेळांत येऊ शकतो आणि दोन तुकडे मिळून एक होऊ शकतात.

पाण्याच्या गाडीचे उदाहरण : या व्यवहाराची कल्पना येण्यास मराठवाड्यातील एक घटना उपयोगी पडते. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडल्यावर मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्यात आले. १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचलेल्या पहिल्या गाडीस १० वाघिणी होत्या व तिने सु. ५ लाख लि. पाणी आणले. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेस सु. २५ लाख लि. पाणी येऊ लागले. गाडीतील पाणी स्थानकाजवळच्या विहिरीत सोडून तेथून ते शुद्धीकरणासाठी पुढे नेले जात असे. यात मिरज येथील पाण्याचा साठा हा उगम, गाडीची प्रत्येक खेप ही एक रीड क्रिया, वाघिणी हा बफर आणि उतरवून घेतलेले लिटर ही परत मिळालेली संख्या होय. गाडी ५० वाघिणींची असावी अशी अपेक्षा धरून १० वाघिणी आल्या असता २५ लाख लिटरांचे वाटप मांडले, तर शहराचा एक भाग कोरडाच राहणार. हिशेब वाघिणींच्या क्षमतेवरून न करता प्रत्यक्ष आलेल्या पाण्यावरून करावा लागतो. रिकाम्या वाघिणी जशा परत पाठवून पुन्हा भरल्या जातात, तसाच एकच बफर पुनःपुन्हा वापरता येतो.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. वाघीण उपसली की रिकामी होते. बफर मात्र रिकामा होत नाही. त्यातील बाइट वाचून झाले, तरी त्यांच्यावर नवे बाइट लिहिले जाईपर्यंत ते जागच्या जागी राहतात. पुष्कळशा चुकांचे मूळ या गोष्टीत आहे.

देवनागरी मजकूर : युनिकोड मानकातील चिन्हे बाइटांच्या रूपात लिहिण्याची ‘यूटीएफ–८’ ही पद्धत सप्टेंबर १९९२ मध्ये टॉम्पसन व पाइक यांनीच तयार केली. हे दोघे पुढे गो भाषेच्या निर्मात्यांत होते. गो भाषेतील आज्ञावलीचा मजकूर याच पद्धतीने लिहिला जातो. या पद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा वा अनुस्वार यांस तीन बाइट लागतात. उदा., ‘न’ हे चिन्ह २२४, १६४, १६८ या तीन बाइटांनी दर्शविले जाते. यापूर्वीच्या इस्की या भारतीय मानकात (आयएस १३१९४ : १९९१) ‘न’ सारख्या वर्णास एकच बाइट लागत असल्याने तो मध्येच तुटण्याचा प्रश्न नव्हता. यूटीएफ–८ मध्ये तो निर्माण होतो.

समजा, ‘नांदेड लातूर’ हा मजकूर १६ बाइटांच्या बफराने वाचावयाचा आहे. ‘नांदेड’ मध्ये न, काना, अनुस्वार, द, मात्रा व ड अशी सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट आहेत. मधल्या मोकळ्या जागेचा एक बाइट व ‘लातूर’ मधील पाच चिन्हांचे १५ बाइट मिळून एकूण ३४ बाइट होतात. प्रत्येक वेळी बफर शक्य तितका भरला, तर पहिल्या वाचनात १६, दुसऱ्यात १६ व तिसऱ्यात २ बाइट येतील. पहिल्या वाचनात ‘नांदे’ पर्यंतचे १५ बाइट व ‘ड’ चा पहिला बाइट येतो. दुसऱ्यात ‘ड’ चे उरलेले दोन बाइट, मोकळी जागा, ‘लातू’ चे १२ बाइट व ‘र’ चा पहिला बाइट येतो. तिसऱ्यात ‘र’ चे शेवटचे दोन बाइट येतात. हे तुकडे एकापुढे एक जोडले, तर मजकूर पूर्ववत मिळतो. परंतु प्रत्येक तुकड्याचा चिन्हांच्या दृष्टीने वेगवेगळा अर्थ लावला, तर ‘ड’ व ‘र’ यांपैकी प्रत्येकाच्या जागी ‘अनाकलनीय’ अशा अर्थाची तीन चिन्हे उमटतात व दोन्ही गावांची नावे शेवटच्या अक्षरास मुकतात.

याच उदाहरणात दुसरी चूकही स्पष्ट दिसते. आज्ञावलीने प्रत्येक वेळी आलेल्या बाइटांपुरताच भाग न घेता संपूर्ण बफर घेतला, तर तिसऱ्या वाचनातील दोन नव्या बाइटांमागे दुसऱ्या वाचनातील १४ जुने बाइट राहतात. परिणामी ‘नांदेड लातूर लातू’ व त्यापुढे एक तुटके चिन्ह असा मजकूर हाती येतो. नावांची यादी असेल, तर तीत एक नाव अर्धवट रूपात दुबार नोंदले जाईल. इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या आज्ञावलीत पहिली चूक कधीच दिसत नाही, कारण तेथे अक्षर तुटत नाही. मराठी मजकूर आल्यावरच ती प्रगट होते व तीही बफराच्या सीमेवर अक्षर पडेल तेव्हाच. म्हणून मराठीसाठी वापरावयाची आज्ञावली मुद्दाम लहान बफर घेऊन तपासणे हिताचे असते.

ठरावीक लांबीच्या नोंदी : मजकुराप्रमाणेच मापनयंत्रांकडून येणाऱ्या अखंड प्रवाहातही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या सु. ६.२ महत्तेच्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनच्या पठारासारख्या स्थिर समजल्या जाणाऱ्या प्रदेशात असा भूकंप झाल्याने सूक्ष्म हादऱ्यांच्या सततच्या नोंदीचे महत्त्व पटले. आधुनिक अंकीय भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन दिशांत मोजतो. दर दिशेस दर सेकंदाला १०० मापने व प्रत्येक मापनास ४ बाइट धरले, तर सेकंदाला १,२०० व एका दिवसात १०,३६,८०,००० बाइट जमा होतात. अशा नोंदींच्या देवघेवीसाठी ‘मिनिसीड’ हे स्वरूप जगभर वापरले जाते व त्यात ५१२ बाइटांच्या ठरावीक लांबीच्या नोंदी पुष्कळदा आढळतात. [⟶ भूकंप].

५१२ बाइटांची नोंद वाचताना पहिल्या वेळी ३०० च बाइट आले, तर उरलेले २१२ पुढील वेळी येतात. प्रत्येक रीड क्रियेत एक पूर्ण नोंद येते असे गृहीत धरणारी आज्ञावली ३०० नवे व २१२ शिळे बाइट एकत्र करून एक खोटी नोंद तयार करते. त्यापुढील प्रत्येक नोंदीची सुरुवात भलत्याच ठिकाणी मानली जाते व वेळ आणि हालचाल यांचे आकडे निरर्थक होतात. हादरा झालाच नसता तो दिसणे किंवा झालेला हादरा न दिसणे, हे दोन्ही संभवतात. यावर उपाय म्हणून गो भाषेत ‘आयओ’ या ग्रंथालयात (तयार कार्यांच्या संचात) ‘रीडफुल’ हे कार्य दिलेले आहे. दिलेला बफर पूर्ण भरेपर्यंत ते रीड क्रिया पुनःपुन्हा करते. एकही बाइट मिळण्यापूर्वी प्रवाह संपला, तर ईओएफ ही नेहमीची सूचना मिळते. काही बाइट आल्यावर तो मध्येच संपला, तर ‘अनपेक्षित ईओएफ’ अशी वेगळी सूचना मिळते. पहिल्या सूचनेचा अर्थ काम सुरळीत संपले असा होतो, तर दुसरीचा अर्थ शेवटची नोंद अपुरी आहे असा होतो. हा भेद जपणे आवश्यक आहे. बफर पूर्ण न भरता किमान ठरावीक संख्येपर्यंतच बाइट हवे असल्यास ‘रीडअ‍ॅटलीस्ट’ हे कार्य वापरतात.

वाढते बफर : प्रवाहाची लांबी आधी ठाऊक नसते तेव्हा आवश्यकतेप्रमाणे वाढणारा बफर सोयीचा ठरतो. ‘बाइट्स’ या ग्रंथालयातील ‘बफर’ हा प्रकार असा आहे. तो कोणतीही पूर्वतयारी न करता वापरता येतो आणि त्याच्या ‘रीडफ्रॉम’ या पद्धतीने रीडरमधील सर्व बाइट प्रवाह संपेपर्यंत त्यात जमा होतात. प्रवाहाचा अंत हेच येथे उद्दिष्ट असल्याने ईओएफ हा दोष म्हणून कळविला जात नाही. ‘आयओ’ ग्रंथालयातील ‘रीडऑल’ हे कार्यही हेच काम करून बाइटांची स्लाइस परत देते. आरंभी ते ५१२ बाइटांची जागा घेते व ती क्रमाने वाढविते. हे कार्य २०२१ पर्यंत ‘आयओयूटिल’ या ग्रंथालयात होते. या सोयींचा धोका असा की, उगम परका वा अविश्वसनीय असेल, तर तो न संपणारा प्रवाह पाठवून संगणकाची सर्व स्मृती व्यापू शकतो. म्हणून अशा उगमास ‘लिमिटरीडर’ या वेष्टनाने बाइटांची कमाल मर्यादा घालण्याची प्रथा आहे.

मध्यस्थ बफर : ‘बफआयओ’ या ग्रंथालयातील रीडर स्वतःजवळ ४,०९६ बाइटांचा बफर ठेवतो. तो मूळ उगमाकडून मोठ्या घासाने बाइट घेतो व आज्ञावलीस लागतील तसे ते देतो. त्याची ‘रीडरून’ ही पद्धत चिन्हाचे सर्व बाइट हाती येईपर्यंत थांबते. त्यामुळे देवनागरी अक्षर तुटण्याचा वर उल्लेखिलेला प्रश्न उरत नाही. मूळ उगमाने लागोपाठ १०० वेळा शून्य बाइट व दोषही नाही असे उत्तर दिल्यास प्रगती होत नसल्याची सूचना देऊन तो काम थांबवितो. ओळीमागून ओळ वाचण्यासाठी असलेला ‘स्कॅनर’ हा प्रकार सोपा आहे. परंतु त्याची ओळीची मर्यादा मुळात ६५,५३६ बाइटांची असते. इंग्रजीत ही मर्यादा सु. ६५,००० अक्षरांची असली, तरी देवनागरीत ती सु. २१,८०० चिन्हांवरच संपते. ओळ याहून लांब असल्यास स्कॅनर वाचन थांबवितो व शेवटी दोषाची चौकशी केली नाही, तर मजकूर तेथेच संपला असा गैरसमज होतो. ही मर्यादा आज्ञावलीकारास वाढविता येते.

बफराचे आकारमान : प्रत्येक रीड क्रियेत बहुधा कार्यकारी प्रणालीस विनंती करावी लागते व तीत वेळ जातो. वर काढलेली एका दिवसाची भूकंपनोंद फाइलमधून एकेक बाइट करून वाचल्यास १० कोटींहून अधिक विनंत्या होतील. ४,०९६ बाइटांचा बफर दर वेळी पूर्ण भरला, तर त्या २५,३१३ व ३२,७६८ बाइटांचा असल्यास ३,१६५ इतक्याच होतील. ‘आयओ’ ग्रंथालयातील ‘कॉपी’ हे नक्कल करणारे कार्य स्वतःचा बफर घेताना सामान्यतः ३२,७६८ बाइटांचाच घेते. याहून पुष्कळ मोठा बफर घेतल्याने वेळेची बचत फारशी वाढत नाही, मात्र स्मृती अधिक लागते.

नेहमीच्या चुका : पूर्वी सांगितलेल्या चुकांखेरीज आणखी दोन चुका वारंवार आढळतात. पहिली, बफर निर्माण करताना धारणक्षमता ४,०९६ देऊन लांबी शून्य ठेवणे. रीड क्रिया लांबी पाहते, धारणक्षमता पाहत नाही. त्यामुळे अशा बफरात एकही बाइट येत नाही व फाइलमधून वाचन करणारे आवर्तन कधीच संपत नाही. दुसरी, बफरातील भाग नक्कल न करता संग्रही ठेवणे. स्लाइस ही मूळ बफराकडे पाहण्याची खिडकी असते, स्वतंत्र प्रत नसते. पुढील वाचनात बफर नव्याने भरला की आधी जपून ठेवलेल्या सर्व भागांतील मजकूरही बदलतो. जपावयाच्या बाइटांची वेगळी प्रत करणे हाच यावर उपाय आहे.

सारांश, वाचनाची बिनचूक पद्धत चार टप्प्यांची आहे : पुरेशा लांबीचा बफर देणे, परत आलेली संख्या पाहणे, तेवढेच बाइट वापरणे आणि त्यानंतर दोषाची चौकशी करून प्रवाहाचा अंत व खरा बिघाड यांत भेद करणे. ग्रंथालयातील सर्व सोयी याच चार टप्प्यांच्या आधारे रचलेल्या आहेत.